सत्तेचाळिसावा पुठ्ठा

सिस्टरनं टेबलावर कागद पसरला.
बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन,
गेलेल्यावर तिरकी रेघ,
आणि आतड्यात ते सापडलं असेल तर काळं भरायचं.
"सांगा, कुठपर्यंत आठवतं?"

मला हसूच आलं.
वडगावात सोळा वर्षं माझं काम तेच:
चौकडीच्या कागदावर काळं भरायचं,
काळ्याच्या जागी पुठ्ठ्याला भोक पाडायचं,
पुठ्ठे ओवून जकार्डवर चढवायचे,
की माग धडधडतो, पदरावर कोयरी उतरते.

मग सांगितलं.
आजोबा भरमाप्पा. घरात मूळव्याध म्हणायचे.
बेचाळिसाव्या वर्षी, झाडपाला चालू असतानाच.
सटुप्पा काका, गोकाकच्या मिलमध्ये. पोटानं गेले.
चिक्कोडीच्या दवाखान्याचं एक चिठोरं उरलंय, कानडीतलं;
सिस्टरनं वाचलं आणि न बोलता चौकोन भरला.
तुळसा आत्या हुक्केरीला दिलेली, तिकडचीच झाली.
फोनवर तिची सून म्हणाली, "होट्टी ब्यानि इत्तु. अष्ट."
अष्ट. तेवढंच.
भाऊ नेताजी चंदगडला. रक्त द्यायला येत नाही,
"मला काय धाड भरलीय?" म्हणतो.
त्याच्या चौकोनात सिस्टरनं प्रश्नचिन्ह काढलं, बारीक,
जणू त्याला दिसू नये.

बाबांपाशी मात्र मीच थांबले.

बाबांनी कोयरीचे पुठ्ठे पाडले माझ्या जन्माच्या साली.
सत्तेचाळिसाव्यात एक भोक जास्त पडलं.
उचलू नये तो दोरा तिथं उचलला जातो,
प्रत्येक देठाला एक सुटा ठिपका येतो.
शहापूरचे दुकानदार त्यावर बोट ठेवून सांगायचे,
हे तुमच्या घरचं लुगडं.
पुठ्ठे फाटले, आम्ही नकलून नवे पाडले,
ठिपकाही आला.
नक्कल करणाऱ्याला चूक दिसत नाही,
भोक दिसतं.

बेंगळुरूहून रिपोर्ट आला:
हजारो अक्षरांत कुठंतरी एक गळलेलं.
सर्जन निपाणीकडचे, शब्द वेचून बोलणारे.
पडद्यावर माझं आतडं, मोहरी सांडावी तसे कोंब,
मोजायचं त्यांनी मध्येच सोडलं.
"आज यात कॅन्सर नाही. ठेवलं तर येणार.
मोठं आतडं सगळं काढू,
लहान आतडं दुमडून त्याचीच पिशवी शिवू."
"टाका कुठला घालता?" विचारलं मी.
ते पहिल्यांदा हसले.

दुखतं ते कुणीही काढून देईल.
न दुखणारं द्यायला
मला अकरा दिवस लागले.

अभ्यासासाठी म्हणून तुकडा ठेवून घेतला त्यांनी.
"तुम्हाला उपयोग होईलच असं नाही," सही घेताना म्हणाले.
सही केली. बाबांचा पुठ्ठा असा कुणी
उजेडाला धरून पाहिलाच नव्हता.

तीन महिने पोटावर पिशवी, निऱ्यांच्या आड.
गंजी, ताक, परत गंजी.
मग ती पिशवी सुटली. आता दिवसातनं सहा-सात वेळा जावं लागतं,
मालकाला सांगून टाकलंय.

कामावर गेले त्या दिवशी सत्तेचाळिसावा सोडवला,
जास्तीच्या भोकावर डिंकानं कागद बसवला.
आमच्यात असं चालतं. दोन मिनिटांचं काम.
तीस वर्षं कुणी केलं नाही.

शहापूरच्या दुकानात गुंडूशेटनी पदर पसरला,
बोट देठावर फिरलं, परत फिरलं.
"हे तुमच्या घरचं नव्हे."
"आमच्याच घरचं हाय की," म्हटलं,
"येतो मी."

रेवतीचा गोल अजून पांढरा आहे.
बारा पुरी झाली तिला परवा.
नळी सोमवारी गेलीय.
एकवीस दिवस लागतात म्हणे.